अंबाबाईच्या डब्यातले शेअर

२ ऑक्टोबर. शेअर बाजाराला आज सुट्टी आणि उद्या घट बसणार, म्हणून सकाळपासून ऑफिसातली लोखंडी कपाटं आवरायला काढली आहेत. नियमाने जितकी वर्षं ठेवायचे तितक्या वर्षांचे कागद ठेवायचे, बाकीचे फाडायचे, असं काम. बाराच्या सुमारास एक जाड फाईल हातात आली. आतल्या झेरॉक्सांवर जागोजागी करडे डाग होते. मूळ कागदांवर ते डाग हळदीचे आणि कुंकवाचे होते. फाईल फाडायच्या ढिगात टाकवेना. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप दोन महिने माझ्याकडे पडून आहे. म्हटलं, हेच लिहावं. कपाटं संध्याकाळी.

माझं ऑफिस हुबळीत, दुर्गदबैलच्या एका बोळात, पितळी भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. एका मोठ्या शेअर दलाल कंपनीची मी इथली छोटी दलाल. लोक शेअर घ्या म्हणतात, विका म्हणतात, मी ते कॉम्प्युटरवर करते आणि कमिशनमधला वाटा घेते. बाहेरच्यांना वाटतं आम्हाला उद्याचे भाव माहीत असतात. माहीत असते तर मी जिना झाडत बसले नसते. आमचं निम्मं काम कागदाचं असतं. कोणाची सही जुळत नाही, कोणाचं नाव एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं, कोणी वारलं आणि शेअर अजून त्यांच्याच नावावर. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात पैसे जवळजवळ नाहीत, आणि माणसाचं खरं नुकसान तिथेच होतं. हे शिकायला मला फार वर्षं लागली. कशी, ते पुढे येईलच.

ऑफिसात एक लाकडी बाक आहे. त्यावर रोज सकाळी नऊला मंडळी जमतात. आता मोबाईलवर सगळं दिसतं, येण्याची गरज कोणालाच नाही, तरी येतात. पट्टणशेट्टी अण्णा कापडाचे व्यापारी. दुकान दहाला उघडायचं म्हणून नऊला माझ्याकडे. कांबळे साहेब रेल्वे वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचणारा त्यांच्याशिवाय दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि देशपांडे मास्तर, मंगळवारी आणि शुक्रवारी धारवाडहून बसने येतात. तिघांकडेही बहुतेक बँकांचेच शेअर. बँक डोळ्यांना दिसते, तिची पाटी असते, आत ओळखीचा माणूस बसलेला असतो, म्हणून छोट्या गुंतवणूकदाराला बँकेचा शेअर जवळचा वाटतो.

बाकावरची चर्चा म्हणजे बँका, लाभांश आणि राजकारण. सरकार बँक बुडू देणार नाही, हे मास्तरांचं पहिलं वाक्य. बँक बुडू देणार नाही, पण शेअर घेणाऱ्याला हात देईलच असं नाही, हे कांबळे साहेबांचं दुसरं. कोणीही निवडून आलं तरी पहिला हात बँकेलाच लावतं, असं अण्णा म्हणणार, आणि मग तासभर कोणी कोणाचं ऐकायचं नाही. मी भिंतीवर पाटी लावली आहे : सव्वानऊ ते साडेतीन राजकारण बंद. ती पाटी एका निवडणुकीच्या निकालानंतरची. अण्णांचा पक्ष पडला आणि अण्णांनी रागाने सगळे बँक शेअर विकून टाका म्हणून हुकूम सोडला. मी म्हटलं, आधी चहा घ्या. चहा संपेपर्यंत ते भावाकडे बघत बसले आणि म्हणाले, "होगली बिड्री मॅडम, सरकार गेलं म्हणून बँकेचा काय दोष." होगली बिड्री म्हणजे जाऊ दे, सोडा. तेव्हापासून आमच्याकडे विक्रीची ऑर्डर चहानंतरच घेतली जाते. नियमांच्या पुस्तकात हे बसत नाही, पण आजवर कोणी तक्रार केली नाही.

लाभांश म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, दर शेअरमागे काही रुपये. पगार संपलेल्या माणसाला त्याचं फार अप्रूप असतं. एकदा मास्तरांना शोध लागला की लाभांशाच्या तारखेच्या आदल्या दिवशी शेअर घेतला तरी पूर्ण लाभांश मिळतो. त्यांनी घेतले. लाभांश मिळाला, आणि भाव तेवढ्यानेच खाली आला. मास्तर चिडून आले. अण्णांनी त्यांना विचारलं, शाळेत गणित शिकवत होता का ओ तुम्ही? "भूगोल," मास्तर म्हणाले, आणि बसले.

बाकावर न बसणारी, पण या सगळ्यांना ओळखणारी चौथी म्हणजे इंदूअक्का. राहायला नवनगरला. यजमान वसंतराव धारवाडला एका वकिलांकडे कारकून होते. त्यांनी आयुष्यात पाच-सहा कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले. त्यात एका खाजगी बँकेचे शंभर होते, दोघांच्या नावावर, बँक नवी असताना घेतलेले. ते त्यांनी घरच्या अंबाबाईच्या नावाने सोडले होते. कागदावर नव्हे, मनाने. त्या बँकेचा लाभांश आला की वसंतराव तो खात्यात भरायचे आणि तेवढ्या रकमेचं नवरात्रात देवीचं करायचे. साडी, नैवेद्य, पाच सवाष्णी.

वसंतराव गेले त्याला आता तेरा वर्षं झाली. पुढच्याच उन्हाळ्यात त्या बँकेचं पाकीट आलं. तेव्हा लाभांश वॉरंटने यायचा, म्हणजे चेकसारखा कागद टपालाने. त्यावर वसंतरावांचं नाव पहिलं होतं. वारलेल्या माणसाच्या नावाचा कागद खात्यात कसा भरायचा, हे विचारायला अक्का माझ्याकडे आल्या. खरं उत्तर सोपं होतं. मृत्यूचा दाखला जोडून एक फॉर्म भरायचा, वसंतरावांचं नाव कमी करायचं, संपलं. बाकीच्या कंपन्यांचं मी ते केलंही. या बँकेचं मागे राहिलं, कारण त्यांना त्यांचाच वेगळा फॉर्म हवा होता, आणि वॉरंट होतं दोन-सव्वादोनशे रुपयांचं. मी अक्कांना म्हटलं, देवीचेच आहेत ना, मग ठेवा तसंच देवीपुढे, नाव नंतर बदलून घेऊ.

अक्कांनी तसंच केलं. देवघरात पितळेचा कडीचा डबा होता. त्यात पाकीट ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. पाकीट उघडायचं नाही, देवीचं आहे. आणि माझं ते ‘नंतर’ कधी आलंच नाही.

मधल्या काळात सरकारचा नियम आला. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर नुसता लाभांशच नव्हे, तो शेअरसुद्धा सरकारच्या एका निधीत जमा होतो. मालक सापडेपर्यंत सांभाळायचा, असा त्यामागचा विचार. नियम वाईट नाही. अर्ज केला की परत मिळतो. मी ते परिपत्रक बाकावर मोठ्याने वाचून दाखवलं. कांबळे साहेबांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं, तुमचा कोणाचा न घेतलेला लाभांश आहे का? त्या दिवशी अक्का नेमक्या आल्या होत्या. त्याही नाही म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबी तो न घेतलेला नव्हता, देवीला दिलेला होता. आणि मला, जिने तो द्यायला सांगितला होता, त्या क्षणी काही आठवलं नाही.

मग साथीचं वर्ष आलं. बाजार कोसळला, बाक रिकामा झाला, आणि चर्चा फोनवर सुरू झाली. सकाळी नऊला अण्णांचा फोन, साडेनऊला मास्तरांचा. लोकांचे हप्ते थांबवले, आता बँका खाणार काय? कोणत्या बँकेत कोणती विलीन करणार? वर बसलेल्यांना यातलं काय कळतं? अण्णांच्या दुकानाचं शटर दोन महिने खाली होतं आणि ते मला विचारत होते की भाव पडलेत तर घेऊ का. त्या वर्षी बँकांनी लाभांश देऊ नये, पैसा जवळ ठेवावा, असा वरून आदेश आला. मास्तरांची पेन्शन चालू होती, पण लाभांश नाही म्हटल्यावर त्यांना अन्न गोड लागेना.

नवरात्राच्या आधी अक्कांचा फोन आला. "सुनंदा, देवीचं पाकीट आलं नाही गं यंदा."

मी म्हटलं, "अक्का, यंदा कुठल्याच बँकेचं येणार नाही. सगळ्यांचंच बंद आहे." उत्तर बरोबर होतं. फक्त ते सगळ्यांसाठीचं उत्तर होतं, अक्कांचं नव्हतं. दोन मिनिटं घालवून त्यांचा फोलिओ नंबर, म्हणजे कागदी शेअरच्या खात्याचा नंबर, टाकून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. धंद्यात मला ज्या चुकांची लाज वाटते त्यात ही पहिली.

पुढच्या वर्षी बँकांनी पुन्हा लाभांश दिला. बाक पुन्हा भरला. आणि सप्टेंबरात अक्का स्वतः जिना चढून आल्या, सोबत सून रूपा. रूपा नवनगरात रोट्टी केंद्र चालवते. जोंधळ्याच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, एळ्ळू होळिगे म्हणजे तिळाच्या पोळ्या. साथीत बाकीचे धंदे बसले तेव्हा तिचा वाढला, कारण घरोघरी पार्सल जायचं. अक्कांच्या मुलाची कंपनीतली नोकरी गेलेली, घर या केंद्रावर चालू होतं. केंद्राची खोली भाड्याची, मालक आमचे पट्टणशेट्टी अण्णा. साथीनंतर कापडाच्या धंद्यात अण्णांना पैसा पाहिजे होता. खोली विकायला काढली होती. मोबाईलवाल्या एकाने मागणीही घातली होती. अण्णांनी आधी रूपाला विचारलं, कारण तीन वर्षांची भाडेकरू. तिच्या चार बायका तिथे भाकरी थापतात, गिऱ्हाईक तिथे येतं, खोली गेली तर केंद्र गेलं.

अक्का म्हणाल्या, देवीचे शेअर विकायचे आणि खोली घ्यायची. देवीच्याच नावाने घेतल्यासारखी. तेव्हाचे शंभर शेअर विभाजन होत होत, म्हणजे एका शेअरचे अनेक होत, आता इतके झाले होते की खोलीचे पैसे देऊन वर थोडे उरले असते. मी नियमाप्रमाणे चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर अक्का म्हणाल्या, "झाला तुझा चहा. आता विक."

कागदी शेअर आता तसे विकता येत नाहीत. आधी डीमॅट खात्यात, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खात्यात, घ्यावे लागतात. त्यासाठी फोलिओ तपासला, आणि स्क्रीनवर उत्तर आलं की या फोलिओत शून्य शेअर आहेत. पुन्हा टाकला. शून्य. त्या बँकेच्या शेअर ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी निधीत गेले. नोटीस पाठवली होती, मॅडम.

अक्कांना मी एवढंच म्हटलं की कागद बघावे लागतील, उद्या घरी येते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. त्या गेल्यावर कांबळे साहेब बाकावरून उठून माझ्या टेबलापाशी आले. स्क्रीन त्यांनी वाचला होता. मी त्यांना वॉरंटचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्या मीही येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवनगरला गेलो. डबा देवघरात, देवीच्या उजव्या हाताला. मी म्हटलं, आतली पाकिटं उघडावी लागतील. अक्का म्हणाल्या, कौल लावल्याशिवाय नाही. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल ठेवायचं, उजवं आधी पडलं तर होकार. फूल वाऱ्याने पडू नये म्हणून पंखा बंद केला. आम्ही चौघं घामाघूम होऊन अर्धा तास बसलो. कांबळे साहेबांच्या घरी देव्हारा नाही, ते असल्या गोष्टी मानत नाहीत. तरी मांडी घालून निमूट बसले. एकदाच हळूच मला म्हणाले, रेल्वेचा सिग्नल यापेक्षा लवकर पडायचा. रूपाने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. शेवटी उजवं फूल पडलं.

आठ वर्षांची पाकिटं लाल दोऱ्याने बांधून ठेवलेली होती, वर्षाच्या क्रमाने. कांबळे साहेब चाकूने एकेक पाकीट कडेने कापत होते, आतला कागद न फाडता, आणि माझ्या हातात देत होते. वॉरंट. वॉरंट. विभाजनानंतरचं नवं सर्टिफिकेट. वॉरंट. शेवटून दुसरं पाकीट त्यांनी वाचलं आणि थांबले. ती नोटीस होती. अमुक तारखेच्या आत लाभांश मागितला नाहीत तर तुमचे शेअर निधीत वर्ग होतील. बँकेने आपलं काम चोख केलं होतं. पण नोटीस त्याच बँकेच्या, त्याच पांढऱ्या पाकिटात आली होती, म्हणून अक्कांनी तीही न उघडता देवीला वाहिली होती. कुंकू सगळ्यात जास्त तिच्यावरच होतं.

"काय लिहिलंय?" अक्कांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मग म्हटलं, "अक्का, हे पाकीट तसंच ठेवा असं मी तुम्हाला सांगितलं होतं. नाव बदलायचा फॉर्म मी भरला नाही. चूक तुमची नाही, माझी आहे."

अक्का देवीकडे बघत होत्या. रूपा माझ्याकडे. अक्कांनी विचारलं, "परत मिळतील का?"

"मिळतील. पण वर्ष लागेल, कदाचित जास्त."

"मग चूक कोणाची ते नवरात्रानंतर बघू. अर्ज कुठे मिळतो ते सांग."

मला आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं रागावून बोलली आहेत, काही चुकीच्या कारणाने आणि काही बरोबर कारणाने. या एका वाक्याइतकं कामाला लावणारं दुसरं कोणी बोललं नाही.

प्रश्न खोलीचा होता. मी ऑफिसात परत येऊन अण्णांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. वर्षभर थांबा म्हणण्याचा मला काही हक्क नव्हता. दुकानात त्यांनाही देणी होती. अण्णांनी ऐकून घेतलं, मोबाईलवाल्याला फोन लावला आणि कन्नडमधून सांगितलं की खोली विकायची नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "मॅडम, मी तुमच्याकडे निकालाच्या दिवशी शेअर विकायला आलो तेव्हा तुम्ही मला चहा पाजून थांबवलं. आता मी थांबतो. चहा मात्र रोज पाहिजे."

तो चहा त्यांनी चौदा महिने घेतला.

अर्जाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांच्या उपयोगाची आहे. अर्ज कॉम्प्युटरवर भरतात, त्याची प्रत काढून हमीपत्र, जुनी सर्टिफिकेटं, ओळखीचे पुरावे असं सगळं कंपनीकडे पाठवतात. कंपनी तपासून निधीला कळवते, मग शेअर डीमॅट खात्यात येतात. दलालाला पैसे देऊन करून घेण्याची गरज नाही, चिकाटी मात्र लागते. आमचा अर्ज दोनदा परत आला. वसंतरावांच्या मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये होता, त्याचं इंग्रजी भाषांतर धारवाडच्या वकिलांकडून करून घेतलं. मास्तरांनी ते काम अंगावर घेतलं आणि मंगळवारी-शुक्रवारी वकिलांच्या दारात जाऊन बसले. अक्कांची सही वीस-पंचवीस वर्षांत बदलली होती, म्हणून बँकेच्या मॅनेजरसमोर पुन्हा केली. मग कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला की वॉरंटांवर पिवळे-लाल डाग आहेत, कागदात काही फेरफार झाला आहे का? मी लेखी कळवलं की ती हळद आणि कुंकू आहे, आणि का आहे तेही लिहिलं. दोन दिवसांनी त्याच अधिकाऱ्याने पुन्हा फोन केला. म्हणाले, मॅडम, लोक अर्ज करतात तेव्हा कोणाकडे एकसुद्धा वॉरंट नसतं, हरवलं म्हणून लिहून देतात. एकूण एक वर्षाचं मूळ वॉरंट, घडीसुद्धा न मोडलेलं, असा अर्ज मी पहिल्यांदा बघतोय. हे मी अक्कांना कळवलं. त्या म्हणाल्या, देवीकडे दिलेलं कधी हरवतं का?

त्या चौदा महिन्यांत युरोपात युद्ध सुरू झालं, तेल महागलं, व्याजदर चढले, बँकांचे भाव खाली गेले आणि वर आले. बाकावर रोज भांडण. भाव पडला की मास्तर म्हणायचे, बरं झालं शेअर अडकलेत, नाहीतर अक्कांनी घाबरून विकले असते. भाव चढला की अण्णा म्हणायचे, आता आले असते तर. आणि रोज सकाळी, चहाचा पहिला घोट घेऊन, अण्णांचा एकच प्रश्न : "देवी आली का?" मी स्क्रीन उघडायची, नाही म्हणायची. कांबळे साहेब वहीत तारीख टाकायचे. आणखी कशात हे तिघं एकमेकांशी सहमत झालेले मी पाहिले नाहीत.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मी स्क्रीन उघडला आणि खात्यात शेअर होते. अण्णांनी विचारायच्या आधी मीच म्हटलं, आली. अण्णा उठून उभे राहिले. मग परत बसले आणि म्हणाले, आता घाईने विकू नका म्हणावं, निवडणुका येतायत, बँकांचे भाव चढतील. ज्यांना पैसे मिळायचे होते तेच हे सांगत होते.

अक्का दुपारी आल्या. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "मला खोली पाहिजे, भाव नको." खोलीपुरते शेअर विकले, उरले ते देवीच्या नावाने ठेवले. खोलीवर आज रूपाच्या रोट्टी केंद्राची पाटी आहे आणि भाकरी थापणाऱ्या बायका सहा झाल्या आहेत.

त्यानंतर माझ्या ऑफिसात एक पद्धत सुरू झाली. दर वर्षी नवरात्राच्या आधी मी कागदी शेअरवाल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करते. लाभांश घेतला का, असं विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, तुमच्या देवघरात, कपाटात, गादीखाली कुठल्या कंपनीचं न उघडलेलं पाकीट आहे का? पहिल्याच वर्षी नऊ घरांत निघाली. एक तर कुलदैवताच्या टाकाखाली घडी घालून ठेवलेलं होतं. त्या नऊ घरांना वाटतं मी त्यांच्यावर उपकार केले. उपकार अक्कांचे आहेत. त्यांनी त्या दिवशी माझ्याशी भांडण काढलं असतं, गावात सांगत फिरल्या असत्या, तर माझं बरोबरच वाटोळं झालं असतं आणि ही नऊ पाकिटं तशीच राहिली असती. अण्णांचा तोटा किती झाला हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की चहा मागवतात.

हे लिहीत असतानाच, चारच्या सुमारास, अक्कांचा फोन आला. उद्या घट बसायचे आणि देवीचं पाकीट नाही. आता लाभांश थेट खात्यात जमा होतो, टपालाने काही येत नाही. रूपाच्या मोबाईलवर ऑगस्टमध्ये दोन ओळींचा संदेश येऊन गेला. अक्का म्हणाल्या, मोबाईल काय डब्यात ठेवू?

मी कपाटं तशीच सोडली. जमा झालेल्या लाभांशाचा कागद कॉम्प्युटरवरून काढला, पांढऱ्या पाकिटात घातला, चिकटवला, वर अक्कांचं नाव आणि पत्ता लिहिला.

३ ऑक्टोबर. सकाळी सातच्या बसने मी नवनगरला गेले. घटाची माती परातीत पसरलेली होती, रूपा त्यात धान्य पेरत होती. अक्कांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, कुंकवाकडे हात नेला आणि थांबल्या. मी काही बोलले नव्हते. त्यांनी केसांतली पिन काढून पाकीट कडेने उघडलं, चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. बँकेचं नाव, शेअर किती, दर किती, तारीख. मग घडी घालून परत पाकिटात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि डबा बंद केला.

निघताना म्हणाल्या, "तुझी ती चूक बघायची राहिलीच की गं."

"बघा की अक्का."

"नवरात्र होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात गरम भाकरीचं पुडकं दिलं. सव्वानऊला बाजार उघडायच्या आत मी शटर वर केलं, पुडकं बाकावर ठेवलं आणि चहा सांगितला.